शत्रूच्या शेजारी उभं राहून भाकरी कमवणं



आजची हकीगत लांबच्या मुलखातली आहे, पण ती सांगायचं कारण जवळचं आहे. आमच्या प्रभागातल्या एका गटाने मिरची कांडप यंत्र घेतलंय. पोती उचलायला, मसाला पोचवायला एक गडी हवा आहे. गटातल्याच एका ताईंचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलाय. त्याला घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या मारामारीत ज्या मुलाचा हात मोडला, त्याची आईही याच गटात आहे. बैठकीत दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. ठराव काही झाला नाही. आम्ही समन्वयक मधे बसलेल्या, आम्हालाही काही सुचेना.

आता ती हकीगत. अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या पूर्वेला बॉइल हाइट्स ही कष्टकऱ्यांची वस्ती, बहुतेक घरं मेक्सिकोकडून आलेल्यांची. 1986 साली तिथल्या डोलोरेस मिशन चर्चमध्ये फादर ग्रेगरी बॉइल हे धर्मगुरू आले. (वस्तीचं नाव आणि त्यांचं आडनाव एकच, पण तो निव्वळ योगायोग.) चर्चच्या आसपासच्या सरकारी चाळींत पोरांच्या टोळ्या होत्या. या गल्लीतला त्या गल्लीत गेला, तर गोळी घालायचे. फादरनी आजवर अशा दोनशेहून जास्त पोरांचे अंत्यविधी केले आहेत.

पोरं शाळेतून काढलेली, दिवसभर रस्त्यावर. मग चर्चने त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढली. टोळीतली पोरं आवारात दिसू लागली, तशी वस्तीतली माणसं बिथरली. देवाच्या दारात हे गुंड कशाला? बैठक बोलावली गेली. तिथे वस्तीतल्या बायाच उठून बोलल्या, की येशू असता तर त्याने यांना हाकललं नसतं, मग आपण कसं हाकलायचं? या बाया एवढं बोलून थांबल्या नाहीत. रात्री घोळक्याने गल्ल्यांतून चालायच्या, पोरं उभी असतील तिथे जाऊन त्यांच्याशी बोलायच्या. आसपासच्या कारखान्यांवर मोर्चा नेला, आमच्या पोरांना काम द्या म्हणून. काम फारसं मिळालं नाही. मग चर्चनेच साफसफाईची, बांधकामाची कामं काढून पोरांना मजुरी द्यायला सुरुवात केली.

1992 साली चर्चसमोरची एक जुनी बेकरी घेतली. एका सिनेमावाल्याने पैसे दिले. तिचं नाव होमबॉय बेकरी. होमबॉय म्हणजे तिथल्या बोलीत आपल्या गल्लीतला सोबती. आणि तिथे एकाच टेबलावर पीठ मळायला कोण? कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे! सुरुवातीला एकमेकांशी शब्द बोलायचे नाहीत. पण परात सरकव, भट्टी बघ, हे बोलावंच लागतं ना. आधी फादर सायकलवरून या टोळीकडून त्या टोळीकडे जाऊन तह करून द्यायचे. पुढे त्यांनी ते सोडलं. तहाने टोळीचाच मान वाढतो, असं त्यांचं मत झालं. आम्हाला ते पटतं. आपल्याकडेही भांडणं मिटवायला पुढारी येतात आणि गट आणखी पक्के करून जातात.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला आजीच्या हातावरचं गोंदण आठवेल. या पोरांनी टोळीचं नाव अंगावर गोंदलेलं असतं, कोणी तर कपाळावर, गालावर. असा चेहरा बघून काम कोण देणार? तिथे डॉक्टर फुकट लेसरने गोंदण काढून देतात. एका खेपेत जात नाही, पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि गोंदताना दुखलं त्याहून जास्त दुखतं. तरी पोरं येतात. मुलीही येतात. टोळीतून बाहेर पडलेल्या मुलींचं वेगळं उपाहारगृह आहे. अठरा महिने पगारी काम, सोबत समुपदेशन, मग बाहेर नोकरी शोधायची. काही परत टोळीत जातात, काही मारले जातात. 2024 साली फादरना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मोठं पदक दिलं, पण सुरुवातीच्या काळात त्यांना धमक्याच यायच्या.

मराठी ख्रिस्ती लोक या सगळ्याला तारण म्हणतात. आपण तारण म्हटलं की गहाण टाकलेले दागिने आठवतात. त्यांच्याकडे तारण म्हणजे बुडत्याला तारून नेणं. गंमत बघा, आपल्या गटाला बँक कर्ज देते तेही विनातारण, केवळ विश्वासावर.

बायबलात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकटा आपला वाटा मागून घेतो, परमुलखात उडवतो, शेवटी डुकरं राखायची वेळ येते. तो परत येतो तेव्हा बाप लांबूनच बघून धावत जातो, मेजवानी घालतो. शेतावरून आलेला मोठा भाऊ रागावतो, घरात पाऊल टाकत नाही. त्याची समजूत काढायलाही बापच बाहेर येतो. मोठा शेवटी आत गेला की नाही, ते गोष्टीत सांगितलेलंच नाही. आम्हाला वाटतं, ज्याने काही वाकडं केलं नाही, त्याचा राग खरा असतो. क्षमा करा असं त्याला वरून सांगायला आपण कोण? हात मोडलेल्या मुलाच्या आईला तर नाहीच.

हे सगळं आम्ही त्या गटात सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या हात मोडलेल्या मुलाच्या आई म्हणाल्या, "मी माफ केलं असं वहीत लिहू नका. तो कामाला किती वाजता येणार, तेवढं मला सांगा. माझी मिरची मी त्याच्या आधी आणीन."

दुसऱ्या ताईंनी मान खाली घातली होती. सचिवांनी वही उघडली आणि वेळ लिहिली, सकाळी दहा ते पाच. एक महिना बघायचं ठरलंय. सोमवारपासून तो येणार आहे.