आपली मुले, त्यांचे हायस्कूल आणि आपण पालक

(ज्ञातिसंघाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा संघाने मजसारख्या एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास केली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या नोकरीत शिरलो आणि खेड्यातील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य वेचले. तेव्हा हायस्कूलच्या शिक्षणाविषयी शास्त्रीय असे काही मजपाशी नाही. परंतु हायस्कूलात जाणाऱ्या मुलाचा बाप म्हणून जे पाहिले, आणि जे पाहावयास हवे असता पाहिले नाही, ते आज आपणांपुढे मोकळ्या मनाने मांडावे असे वाटते.

प्रथम एका गोष्टीची आठवण करून देतो. आपल्या या शहरास २०२३ सालापासून आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबाद येते. या शहरात मराठी हायस्कूल ही वस्तू सहजासहजी आलेली नाही. निजामाच्या राजवटीत शाळांतून उर्दूचे प्राबल्य. १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. अशा काळात, १९१५ साली, येथे सरस्वती भुवन संस्थेचा आरंभ झाला. पुढे १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल संस्थानातील कित्येक विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांपैकीच एक. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. आज आपल्या मुलास घरापासून हाकेच्या अंतरावर शाळा मिळते, तिच्यामागे इतक्या लोकांचे कष्ट आहेत.

त्या काळातील आपले वाडवडील बहुधा निरक्षर होते. माझे वडील शिवणयंत्रावर बसत. त्यांस सहीपुरतीच अक्षरे येत. परंतु दरवर्षी दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन ते माझ्या मास्तरांच्या घरी सोने द्यावयास जात आणि म्हणत, “गुरुजी, पोर तुमच्या पदरात घातले आहे.” त्यानंतर दोघे ओट्यावर घटकाभर बोलत बसत. त्या घटकेत माझी सगळी लबाडी उघडी पडत असे, हे मला फार उशिरा कळले.

आता आजची स्थिती पाहू. बंधुहो, आपली जात शिंप्याची. अवघ्या गावाच्या मुलांचे गणवेश ज्या जून महिन्यात आपल्या हातून निघतात, नेमक्या त्याच महिन्यात शाळा उघडते आणि वर्षातील पहिली पालकसभा भरते. दुकानात कापडाचे ढीग, गिऱ्हाईक दाराशी उभे, काज-बटणास बसलेली घरची मंडळी रात्री बारापर्यंत जागी. अशा वेळी सभेस जावयाचे कोणी? मुलगा चिठ्ठी आणतो, ती कातरीखाली दाबून ठेवली जाते आणि संध्याकाळी चिंध्यांबरोबर झाडून निघते. तयार कपड्यांच्या दुकानांनी धंदा पूर्वीसारखा राहू दिलेला नाही. म्हणून तर हंगामाचे चार दिवस सोडवत नाहीत. ही अडचण खरी आहे. मी ती थट्टेवारी नेत नाही. परंतु जगाच्या मुलांना शाळेचा पोशाख पुरविणारे आपण, आपल्याच मुलाच्या शाळेच्या दारात दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुसऱ्यास नावे ठेवण्यापूर्वी माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

मी कन्नड तालुक्यातील एका गावी शिक्षक होतो. शहरातून रोज एस.टी.ने जाणे-येणे. त्या गावी पालक शाळेकडे फिरकत नाहीत म्हणून मी त्यांस चावडीवर बोल लावीत असे. “बैल आजारी पडला तर दहा वेळा गोठ्यात जाता, पोराच्या शाळेत वर्षातून एकदाही येत नाही,” असे मी त्यांस ऐकवीत असे, आणि ते बिचारे खाली मान घालून ऐकत. त्याच वेळी माझा थोरला मुलगा शहरातील एका हायस्कूलात नववीत होता. त्याच्या शाळेत मी किती वेळा गेलो होतो? प्रवेशाच्या दिवशी एकदा. त्यानंतर नाही. सभा शनिवारी असे आणि शनिवारी माझीही शाळा असे, हे कारण मी स्वतःस देत असे. अर्ध्या दिवसाची रजा मागता आली असती. ती मी कधी मागितली नाही.

माझ्या मेहुण्यांचा मुलगा त्या सुमारास इंजिनिअरिंगला गेला होता. आपल्याही मुलाने तेच करावे असे मी ठरवून टाकले. मुलास गणित जात नव्हते. त्याचा हात चित्रकलेत आणि जोडकामात चाले. शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेस बसण्याची त्याने परवानगी मागितली, तेव्हा “रंगांत पैसे घालविण्यापेक्षा गणिताची शिकवणी लाव” असे मी म्हणालो. शिकवणी लागली. मुलगा मुकाट्याने जाऊ लागला. निदान मला तसे वाटत होते.

फेब्रुवारी महिन्यातील एका संध्याकाळी त्याच्या वर्गशिक्षिका आमच्या घरी आल्या. मी नुकताच गावाहून येऊन पाय धूत होतो. मला पाहून बाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “आता प्रकृती कशी आहे आपली?” मला अर्थबोध होईना. मग हळूहळू उलगडा झाला. मुलाने शाळेत सांगितले होते की वडील दिवाळीपासून अंथरुणाला खिळले आहेत, म्हणून सभेस येऊ शकत नाहीत. त्याच सबबीवर तो आठवड्यातून दोन-दोन दिवस शाळेस जात नव्हता. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मात्र दरवेळी होती. बाईंनी ते पुस्तक माझ्यापुढे ठेवले. सही हुबेहूब माझी होती. माझ्या अक्षराचे वळण लहानपणी पाटीवर मीच त्यास गिरवून दिले होते. त्याच वळणात त्याने माझे नाव लिहिले होते.

मुलगा दाराआड उभा होता. माझा हात वर गेला, हे मी लपवीत नाही. बाई म्हणाल्या, “गुरुजी, त्याला मारून काय होणार? गणितात नापास झाल्याचे तुम्हाला सांगण्याचे त्याला धैर्य झाले नाही. ते धैर्य का झाले नाही, तेवढे पाहा.” त्यांनी चहादेखील घेतला नाही.

त्या वर्षी मुलगा नववीत राहिला. एक वर्ष गेले. पुढील शनिवारी मी रजा टाकून शाळेत गेलो, तेव्हा चित्रकलेच्या वर्गाबाहेरील फळ्यावर दौलताबादच्या किल्ल्याचे एक चित्र लावलेले दिसले. सहलीहून आल्यावर माझ्या मुलाने काढलेले ते चित्र होते. ते चार महिने तेथे टांगलेले होते, आणि शाळेतील शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सर्वांनी ते पाहिले होते. पाहिले नव्हते ते एकट्या बापाने. आज तो मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. आपल्या मुलीच्या पालकसभेस तो रजा टाकून जातो. मी त्यास तसे कधी सांगितले नाही.

असो. या अनुभवावरून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. शाळेत केवळ प्रवेशाच्या, फीच्या आणि तक्रारीच्या दिवशी जाऊ नये. हायस्कूलचे वर्ष हे नुसते परीक्षांचे वर्ष नसते. ऑगस्टात स्वातंत्र्यदिन, सप्टेंबरात आपल्या मराठवाड्याचा मुक्तिदिन, जानेवारीत प्रजासत्ताकदिन असे झेंडे आपली शाळा वर्षात उभारते. त्यात विज्ञान प्रदर्शन येते, सहल येते, स्नेहसंमेलन येते, दहावीचा निरोप समारंभ येतो. घरी तोंड न उघडणारे मूल स्नेहसंमेलनात काय बोलते, कोणत्या मित्रांत उभे राहते, कोणत्या शिक्षकांकडे पाहून त्याचा चेहरा खुलतो, हे गुणपत्रिकेवर छापलेले नसते. ते जाऊन पाहावे लागते.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्यातलीच आहे. माप घेतल्यावाचून आपण कापडास कातर लावीत नाही. २०२४-२५ साली सरकारी शाळांसाठी एक राज्य एक गणवेश ही योजना आली, तेव्हा कपडे वेळेवर न आल्याच्या व मापास न बसल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या, आणि पुढील वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. कपड्याची ही कथा, तर मुलांची काय सांगावी! शेजाऱ्याच्या मुलाचे माप घेऊन आपण आपल्या मुलाचे आयुष्य बेततो आणि ते अंगास बसले नाही म्हणजे दोष मुलाच्या अंगास देतो. आपल्या कुलाचे भूषण संत नामदेव महाराज. मुलाने धंद्यात लक्ष घालावे असे त्यांच्या वडिलांस, दामाशेटींस, वाटे. मुलाचे मन विठ्ठलाकडे होते. ही कथा आपण कीर्तनातून शेकडो वेळा ऐकतो, आणि घरी येऊन मुलास विचारतो, नव्वद टक्के का नाहीत?

वाढत्या अंगाच्या मुलाचे कपडे शिवताना शिवणीच्या आत आपण थोडे जास्त कापड सोडतो. पुढे उसवून वाढविता यावे म्हणून. त्या सोडलेल्या कापडास आपल्या धंद्यात माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, पण वस्त्र टिकते ते तिच्यावर. मुलाच्या बाबतीतही एवढी माया ठेवावी. चूक कबूल करण्यास जागा राहील, इतका ढिलेपणा घरात असावा. माझ्या घरी तो नव्हता.

तिसरी गोष्ट हक्काची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. खाजगी शाळांतील शुल्काविषयी २०११ चा राज्याचा कायदा आहे. त्यान्वये पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि शुल्काचा प्रस्ताव पालकांचा समावेश असलेल्या समितीपुढे यावा लागतो. पानाच्या ठेल्यावर फीवाढीची चर्चा करणाऱ्यांपैकी किती जण या सभांना बसले आहेत, ते ज्याचे त्याने आठवावे.

आता संघास माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली सूचना अशी की, प्रत्येक मोहल्ल्यातील आपल्या दुकानदार बांधवांनी दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात. एकाच्या मुलाच्या शाळेत सभा असेल त्या दिवशी दुसऱ्याने त्याचे दुकान सांभाळावे. हंगामातही दोन तास एवढे करणे अशक्य नाही. आणि ज्या घरी आई जाऊ शकते, तेथे तिला दहा कामे सांगून अडवू नये. मुलींच्या शाळेतही तितक्याच आवर्जून जावे. मुलगी आठवी-नववीत गेली की शाळेऐवजी स्थळे पाहू लागणारी घरे आजही आपल्यात आहेत, हे मी खेदाने नमूद करतो.

दुसरी सूचना या व्यासपीठाविषयी आहे. आज येथे ऐंशी-नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार झाला, तो योग्यच झाला. परंतु दहावीत एखाद्या विषयात पस्तीस गुणांस मुकलेले आणि नंतरच्या पुरवणी परीक्षेस बसून उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही आपल्याच घरांत आहेत. ते आज या सभागृहात नाहीत. त्यांस कोणी बोलाविले नाही, आणि त्यांचे आईबापही लाजून घरी राहिले. पुढील वर्षी त्यांच्यासाठी येथे खुर्च्या मांडाव्यात. पडून पुन्हा उठलेल्या मुलाच्या हाती समाजाने नारळ दिला, तर त्यास घरी खोटे बोलण्याची गरज पडणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एवढेच सांगतो की निकाल कसाही असो, तो प्रथम घरी सांगा. आणि पालक बंधु-भगिनींनो, तो सांगता येईल असे घर ठेवा.