पर्यावरण शिकवायचे म्हणजे काय करायचे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

विहार कमिटीने मला ‘पर्यावरण’ हा विषय दिला आहे. रविवारच्या बालवर्गात यंदापासून तो शिकवायचं ठरलं आहे आणि शिकवणार आपलीच कॉलेजात जाणारी मुलं-मुली. तेव्हा आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण बालवर्गातली मुलं उद्या घरी येऊन तुम्हालाच प्रश्न विचारणार आहेत.

आधी माझी एक चूक कबूल करतो. मी मास्तर होतो. एकदा शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, विषय ‘आमची नदी’. एका मुलाने नदी काळी रंगवली, वर पांढरा फेस आणि उलटे झालेले मासे. मी त्याला म्हणालो, “नदी कधी काळी असते का रे?” आणि चित्र बाजूला ठेवलं. पहिलं बक्षीस दिलं ते दोन डोंगर, मधे सूर्य आणि निळी नदी काढणाऱ्याला. तशी नदी आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती! काळं चित्र काढणारा पोरगा वालधुनीच्या काठी राहत होता. त्याने डोळ्यांनी पाहिलं ते काढलं होतं आणि मास्तरने त्यालाच चूक ठरवलं.

ही चूक मला खऱ्या अर्थाने कळली ती डॉ. माधव गाडगीळ यांचं लिखाण वाचताना. 1942 साली पुण्यात जन्मलेले हे शास्त्रज्ञ. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परत आले, 1973 पासून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राहिले आणि तिथे 1983 साली परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. एवढा मोठा माणूस, पण त्यांची सुरुवात कशी झाली बघा. आपल्याकडे तारेवर बसतो तो हिरवा वेडा राघू तुम्ही पाहिला असेल. त्याच्या शेपटीतून तारेसारखं लांब पीस बाहेर आलेलं असतं. लहानपणी माधवरावांना ते पीस नसलेले राघू दिसले. असं का? प्रश्न पत्राने थेट पक्षीतज्ज्ञ सलीम अलींकडे गेला, आणि उत्तरही आलं : पिसं झडतात, पुन्हा येतात. पोराच्या प्रश्नाला “गप्प बस” असं उत्तर मिळालं नाही, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट बांबूची. 1975 च्या सुमारास कर्नाटकात कारवारकडच्या जंगलातला बांबू संपत चालला होता. टोपल्या-सुपं विणणाऱ्यांची तक्रार होती की कागद गिरणी आमचा बांबू संपवते. वरचे लोक म्हणत, गावकरी आणि त्यांची गुरं बांबू संपवतात. सरकारने गाडगीळांना पाहणी करायला सांगितली. बेटांच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. वनखातं ती साफ करवून घेई, त्याने बांबू जोमाने वाढेल अशी त्यांची समजूत. गावकरी म्हणत, “साहेब, हे काटे काढले म्हणून तर कोवळे कोंब गुरं-वानरं खातात.” गाडगीळांनी मोजमाप घेतलं. गावकऱ्यांचं बरोबर निघालं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस बरोबर आणि पुस्तकातलं चूक! पण त्यांनी गावकऱ्यांचंही नुसतं ऐकून घेतलं नाही हो, मोजून पाहिलं.

मोठ्या माणसाचं तरी डोळे मिटून मानावं का? भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात म्हशी चरायला बंदी घाला असं खुद्द सलीम अलींचं मत होतं. 1982 साली बंदी आली, लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्या आणि पाणथळीत गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांनाच जागा उरली नाही. सलीम अली हे गाडगीळांचे आदर्श, तरीही गाडगीळ ही हकीकत आवर्जून सांगत.

हे ऐकून तुम्हाला कालाम सुत्त आठवलं असेल. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितलं? परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरू सांगतो म्हणूनही नको. स्वतः पारखून घ्या. आपण ते पाठ करतो. पर्यावरणाच्या तासाला मात्र ‘झाडे लावा’ची पाटी धरून फेरी काढतो आणि घरी येतो.

1991 साली सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शिकवणं सक्तीचं करायला सांगितलं. झालं काय? प्रकल्पाची वही स्टेशनजवळच्या दुकानात विकत मिळायला लागली! 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने परिसर आणि शिक्षण या विषयाचा जो गट नेमला त्याचे अध्यक्ष गाडगीळच होते. त्या गटाचं म्हणणं थोडक्यात असं : मुलांनी आपल्या परिसराची खरी पाहणी करावी, ती माहिती सर्वांसाठी खुली ठेवावी, म्हणजे मुलांच्या हातून खरं ज्ञान तयार होईल. पश्चिम घाटाचा 2011 चा त्यांचा अहवालही ग्रामसभांपुढे लोकांच्या भाषेत जावा, हाच त्यांचा आग्रह होता.

इथे माझा एक सवाल आहे. लोकांना विचारा, हे ठीक. पण कोणत्या लोकांना? 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याबद्दल काय सांगितलं ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रामसभा म्हटली की पुढच्या रांगेत कोण बसतं आणि दाराशी कोण उभं राहतं, हे आपल्या आजी-आजोबांनी सोसलेलं आहे. महाडच्या तळ्याचं पाणी 1927 पर्यंत कुणाचं होतं? म्हणून आपल्या पोरांनी वही घेऊन आधी सफाई कामगाराकडे जावं, भंगार वेचणाऱ्या मावशीकडे जावं. नाल्यात काय येतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

आता शहाडचं बोलू. आपली उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून येते. उन्हाळ्यात बाकीच्या नद्या आटतात, मग हिला पाणी कुठलं? भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं. घाटावरच्या आंध्रा नदीचं पाणी टाटांनी धरण बांधून इकडे वळवलं, त्याला शंभर वर्षं झाली. हे मुलांना पुलावर उभं करून सांगा, फळ्यावर नको. मग विचारा, जलपर्णी कोणत्या महिन्यात येते? ती कशावर पोसते? सांडपाणी कुठे मिळतं? 26 जुलै 2005 ला पाणी तुमच्या घरात कुठपर्यंत चढलं होतं? आजी भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. ते फूटपट्टीने मोजून लिहा.

एक सावधगिरी. नदी घाण झाली की बोट वस्तीकडे दाखवायची रीत आहे. आपल्या पिशव्याही नाल्यात जातात, ते लपवू नका, वहीत लिहा. पण पाण्याचा रंग कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला, कोणत्या बाजूने आला, तेही लिहा. तारीख-वार असलेली वर्षभराची वही अधिकाऱ्यापुढे ठेवली की नुसत्या अर्जापेक्षा तिला वजन येतं.

परवा ही तयारी चालू असताना आमच्या चाळीतल्या एका आत्याबाईंना मी सहज विचारलं, लहानपणी नदीत कोणते मासे मिळायचे? त्या चूल सोडून बाहेर आल्या. मरळ, वाम, शिंगाळा, कोळंबी, कोण कोणत्या दिवसांत, कोणाला काटे जास्त, अर्धा तास बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “गुरुजी, आजवर हे मला कुणी विचारलंच नाही.”

दोनशे पानी वही मी आणली आहे. ग्रंथालयाच्या कपाटात राहील, कुणीही मागावी. पहिल्या पानावर आत्याबाईंचे मासे लिहिले आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर सकाळी साडेआठला पुलाजवळ जमायचं आहे. पेन्सिली आणा, पाण्याची बाटली आणा आणि लहानांचा हात मोठ्यांनी धरावा, रस्त्याला वाहनं फार आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.