यंदा वाचलेल्या फॅन्टसी कादंबऱ्या, आणि चौदा आठवड्यांचा डबा

 

वर्ष संपत आलं की आपण "यंदा काय वाचलं" असा एक भाग करतो, त्यातलाच हा. फक्त यंदाची यादी जरा वेगळी आहे. जवळजवळ सगळी फॅन्टसी. म्हणजे जादूगार, ड्रॅगन, पहिल्या पानावर नकाशा, आणि नकाशातल्या निम्म्या गावांची नावं उच्चारता न येणारी. मी काही या प्रकाराचा वाचक नव्हे. लहानपणी चांदोबा वाचला, विक्रम-वेताळ वाचला, मग वाचनालयातून नारायण धारप आणून पांघरुणात बॅटरी लावून वाचले. कॉलेजात गेल्यावर कुणीतरी सांगितलं की हे काही खरं साहित्य नव्हे. आपण लगेच विश्वास ठेवला. पंचवीसेक वर्षं तिकडे फिरकलोच नाही.

मग यंदाच का? ते सांगितल्याशिवाय पुस्तकांबद्दल नीट बोलता येणार नाही, म्हणून सांगतो. जानेवारीत माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही, त्याचा काही उपयोगही नाही. तीन महिन्यांचा पगार हातात दिला आणि लॅपटॉप जमा करून घेतला. आणि मी घरी सांगितलं नाही.

आज संध्याकाळी सांगू, रविवारी सांगू, असं करत करत चौदा आठवडे गेले. रोज सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, डबा, डोंबिवलीहून नेहमीची फास्ट लोकल. एक तारखेला माझ्याच एका खात्यातून घरखर्चाच्या खात्यात "पगार" टाकायचा. सीएसएमटीला उतरून फोर्टात हिंडायचं आणि एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं. तिथे कुणी उठवत नाही. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं असतात, जोडपी असतात, झोपलेले लोक असतात. शर्ट खोचून डबा खाणारा माणूस तिथे खपून जातो.

फाउंटनजवळच्या फुटपाथवर पुस्तकवाले बसतात, माहीतच असेल. तिथे फेब्रुवारीत एक बारकं पुस्तक मिळालं. अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', 1968 सालचं. घेतलं ते केवळ पातळ होतं म्हणून. जाडजूड पुस्तक बॅगेत दिसलं असतं तर घरी प्रश्न आला असता. खोटं बोलणारा माणूस असे हिशेब करतो.

आता गोष्ट. समुद्रात शेकडो बेटं आहेत, त्यातल्या गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आई नसलेला पोरगा. त्याची मावशी गावची चेटकीण. इंग्रजीत ले ग्विनला "मेलेल्या आईची बहीण" असं लांबण लावून सांगावं लागतं, आपलं एका शब्दात भागतं. तिच्या तोंडून ऐकलेले शब्द हा पोरगा शेळ्यांवर म्हणून बघतो आणि शेळ्या खरंच त्याच्याभोवती गोळा होतात. मग त्याला भीती वाटते, कारण त्यांना परत कसं पाठवायचं हे माहीत नसतं.

या जगातली सगळी जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला कळलं त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून लोक आपलं खरं नाव लपवतात आणि टोपणनावानं वावरतात. हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही. बारशाला आत्या नाव आधी बाळाच्या कानात सांगते, "कुर्र" करून, मग चारचौघांत. माझ्या आजीनं आयुष्यभर आजोबांचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. नाव म्हणजे नुसती हाक नव्हे, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

या मुलाचं खरं नाव गेड. तो रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो. (हो, हॅरी पॉटरच्या तीसेक वर्षं आधी.) हुशार आहे, आणि गर्विष्ठ. एका मुलानं डिवचलं म्हणून जे करायचं नाही ते करून दाखवतो, मेलेल्या व्यक्तीला बोलावतो. त्या फटीतून एक काळी सावली बाहेर पडते. तिला नाव नाही. ती गेडचा चेहरा फाडते आणि निसटते. आता ती मोकळी आहे आणि त्याच्या मागावर आहे. पुस्तकाचा बराच भाग तो पळतो. एका बेटावरून दुसऱ्या. मधे ड्रॅगनशी सामना होतो, तो जिंकतोसुद्धा. पण ड्रॅगन सोपा, सावली अवघड.

एका प्रसंगात तो जीव वाचवायला ससाण्याचं रूप घेतो आणि समुद्रावरून दिवसरात्र उडत आपल्या जुन्या गुरूकडे, ओगिअनकडे येतो. इतका वेळ ससाणा राहिलाय की माणूस कसं व्हायचं हेच विसरलाय. ओगिअन त्याला ओळखतो आणि परत माणसात आणतो. तिथे ले ग्विन जाता जाता एका जादूगाराची हकिगत सांगते. त्याला अस्वलाचं रूप घ्यायला आवडायचं. घेता घेता आतलं अस्वल वाढत गेलं, माणूस संपला, आणि त्यानं रानात स्वतःच्या लहान मुलाला मारलं.

मार्चमधली दुपार होती. मी त्या पायरीवर पुस्तक मिटलं आणि बराच वेळ समोरच्या बागेच्या कुंपणाकडे बघत बसलो. कारण आदल्याच रात्री मुलानं विचारलं होतं, "बाबा, आज ऑफिसात काय झालं?" आणि मी त्याला एका मीटिंगची गोष्ट रंगवून सांगितली होती. कोण काय बोललं, कोण चिडलं, सगळं. मला मजा आली होती. ती मजा आठवून पोटात गोळा आला.

माणूस झाल्यावर ओगिअन गेडला जे सांगतो ते थोडक्यात असं: पळत राहिलास तर कुठे जायचं हे ती सावली ठरवणार. वळ, आणि तूच तिच्या मागे लाग. शेवट सांगत नाही, तो वाचायचाच आहे. एवढंच सांगतो की शेवटी तलवार नाही, एक शब्द आहे.

आता तुम्ही म्हणाल, की वाचलं आणि लगेच घरी जाऊन सांगितलं. नाही हो. त्यानंतरही पाच आठवडे घेतले. पुस्तकं माणसाला इतकी पटकन बदलत नाहीत, निदान मला तरी नाही. मी पुढचं पुस्तक घेतलं.

ते होतं कॅथरिन ॲडिसनचं 'द गॉब्लिन एम्परर', 2014. लेखिकेचं खरं नाव सारा मॉनेट. (बघा, इथेही टोपणनाव.) यात लढाई जवळपास नाही. हवाई जहाज कोसळून सम्राट आणि त्याचे तीन मुलगे मरतात, आणि दूर कुठेतरी टाकून दिलेला चौथा, नकोसा, अर्धा गॉब्लिन असलेला अठरा वर्षांचा माईआ गादीवर येतो. त्याला काहीच येत नाही. कुणासमोर किती वाकायचं, कुणाला काय म्हणायचं, काही नाही. पुढची चारशेहून जास्त पानं म्हणजे सभा, अर्ज, जेवणावळी आणि नदीवर पूल बांधायचा की नाही याची चर्चा. वीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला यासारखं थरारक काही नाही!

इंग्रजी वाचकांना या पुस्तकाची भाषा जड जाते म्हणतात. दरबारात सगळे स्वतःला "आम्ही" म्हणवतात, आणि अगदी जवळच्या माणसाशीच "मी" आणि "तू" वापरतात. आपल्याला यात काय अवघड? ऐतिहासिक नाटकं बघत मोठे झालो आपण. उलट आपल्याला यातलं जास्त कळतं. माईआ मनात "मी" असतो आणि तोंड उघडलं की "आम्ही". माझंही तेच चाललं होतं की. एका ठिकाणी तो एकटेपणानं कासावीस होऊन आपल्या अंगरक्षकाशी मैत्री करू बघतो, आणि तो भला माणूस त्याला सांगतो की आम्हाला तुमचे मित्र होता येणार नाही. ते वाचून मी चक्क रडलो. शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली, काही विचारलं नाही.

मधे दोन-तीन पुस्तकं लागली नाहीत. पॅट्रिक रॉथफसचं 'द नेम ऑफ द विंड' सुंदर लिहिलंय, पण 2007 साली सुरू झालेल्या मालिकेचा तिसरा भाग अजून आलेला नाही, आणि मला त्या वर्षी आधीच पुरेशा गोष्टींची वाट बघायची होती. 'व्हील ऑफ टाइम' चौदा खंडांची आहे. पुढच्या बेकारीत. (गंमत करतोय. बायको हे ऐकते.)

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी रात्री सांगितलं. मुलगा झोपल्यावर, ओट्याशी उभं राहून. मी जे वाक्य चौदा आठवडे घोकलं होतं ते आलंच नाही, "माझी नोकरी जानेवारीत गेली" एवढंच आलं. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी रोज पहाटे पाचला उठून डबा कुणासाठी करत होते?"

नोकरी गेल्याचा राग नव्हता. त्या डब्याचा होता. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी वही काढून हिशेब मांडायला बसली: हप्ता, शाळेची फी, विमा. माझ्यापेक्षा बरा मांडला.

त्या चार दिवसांत मी 'पिरानेसी' वाचलं. सुझॅना क्लार्क, 2020. एक माणूस एका अंतहीन घरात राहतो. दालनांमागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग. तो भरती-ओहोटीची नोंद ठेवतो, मासे पकडतो, रोजनिशी लिहितो, आणि सापडलेल्या हाडांच्या सांगाड्यांना पाण्यातली कमळं नेऊन वाहतो. स्वतः कोण होता हे तो विसरलाय, आणि तरी सुखात आहे. हळूहळू त्याच्याच वह्या त्याला सांगू लागतात की काहीतरी लपवलं गेलंय. पहिली पन्नास पानं कंटाळा येईल, थांबा. क्लार्कची पहिली कादंबरी 2004 ची, मग मोठं आजारपण, आणि सोळा वर्षांनी ही दुसरी. घरात कोंडून पडलेल्या माणसानं लिहिलंय हे पानोपानी जाणवतं, आणि तरी तक्रारीचा सूर नाही. मला ते तेव्हा फार सोसवलं नाही, खरं सांगायचं तर. दिवाळीत पुन्हा वाचलं तेव्हा आवडलं.

शेवटचं, श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स', 2023. याला नेब्युला मिळालं. नायक फेटर, जन्मतःच आईनं त्याची सावली तोडून टाकलीय आणि बापाला मारण्यासाठी त्याला वाढवलंय. बाप म्हणजे एक मोठा संतपुरुष. पण फेटर मोठा होऊन शहरात येतो आणि तिथे एका मंडळात जाऊन बसतो. जे "निवडलेले" होता होता राहिले, ज्यांच्याकडून कुठलीच भविष्यवाणी पुरी झाली नाही, त्यांचं मंडळ! खुर्च्या गोल मांडून आपापली कहाणी सांगायची. मी हसून हसून बेजार. कारण तेव्हा आम्ही चौघं, एकाच दिवशी घरी पाठवलेले, दर गुरुवारी ठाण्यात चहाला भेटायला लागलो होतो. पुस्तक मात्र फक्त विनोदी नाही. जात, वंश, टाळेबंदी, कागदपत्रं नसलेली माणसं, सगळं येतं, आणि ते आपल्या इतकं शेजारचं आहे की परदेशी फॅन्टसी वाचल्यासारखं वाटतच नाही. उत्तरार्ध विस्कळीत आहे, हे मान्य.

ऑगस्टपासून ठाण्यात एका लहान कंपनीत आहे. पगार कमी. डबा आता मी स्वतः करतो, आणि भाजी बऱ्याचदा खारट होते.

एक राहिलंच. 'अर्थसी' नंतर बायकोनंही वाचलं. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "बरं आहे. पण त्याला वाढवलं मावशीनं, पहिला मंत्र दिला मावशीनं, आणि साहेब मोठे झाल्यावर तिची आठवणसुद्धा काढत नाहीत." मी गेडच्या सावलीत इतका गुंतलो होतो की हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गंमत म्हणजे हे पुढे ले ग्विनलाही टोचलं. या मालिकेतलं तिसरं पुस्तक 1972 चं, आणि मग अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, ती 'तेहानू' घेऊन परत आली. त्यात टेनार नावाची दुसऱ्या पुस्तकातली मुलगी आता मध्यमवयीन विधवा आहे, शेत बघते, भाजलेल्या एका पोरीला सांभाळते, आणि गेड हातातली सगळी जादू गमावून तिच्या दारात येतो. एवढं मला पाठीमागच्या मजकुरावरून कळलंय. पुस्तक सध्या बायकोकडे आहे, रोज चार-पाच पानं वाचते, आणि मधेच माझ्याकडे बघून "हं" म्हणते.

माझ्या हाती आलं की त्यावर एक भाग करू. तोवर तुमच्या यंदाच्या वाचनातलं एखादं नाव जरूर कळवा. भेटू.