शिळांचे वाचक : प्रा. श्रीनिवास रित्ती

(वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी धारवाडच्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांचे नाव निवडले, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली, हे मी पाहिले आहे. आपल्यात राजवाडे झाले, ग. ह. खरे झाले, शं. गो. तुळपुळे झाले, मग ज्यांनी यादवांच्या घराण्याचे मूळ कन्नडात शोधले त्या प्रा. श्रीनिवास रित्ती यांचे गुणगान सीमाभागातल्या मराठी माणसांनी का करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन समजावे.

प्रथम धारवाडविषयी दोन शब्द. हे नगर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपल्याबरोबरच मुंबई राज्यात होते. १८९० साली तेथे कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. १९१७ मध्ये आलूर वेंकटराव यांनी कर्नाटकाच्या गतवैभवावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. हे आलूर पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, आणि टिळकांच्या गीतारहस्याचा कन्नड अनुवाद करणारे. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाई ते द. रा. बेंद्रे याच गावात कन्नडचे महाकवी झाले. शं. बा. जोशी यांनी कन्नडात मोलाचे संशोधन केले आणि मऱ्हाटी संस्कृतीच्या प्रश्नांवर मराठीत ग्रंथही लिहिला. दोन भाषा एका ओसरीवर बसाव्यात, असे हे गाव. १९३९ साली मुंबई सरकारने तेथे कन्नड संशोधन संस्था काढली आणि १९४१ पासून त्या संस्थेने शिलालेखांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत जन्मले आणि पुढल्याच वर्षी धारवाडला आले. छोटा महाबळेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर त्याचा विस्तार झाला, आणि डी. सी. पावटे यांच्या कुलगुरुपदाच्या काळात ते नावारूपाला आले.

या विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि पुराभिलेख यांच्या अभ्यासाचा पाया घालणारे प्रमुख पुरुष म्हणजे पां. भी. देसाई. उटकमंडच्या सरकारी शिलालेख कचेरीत त्यांची हयात गेली होती, आणि तेथली शिस्त त्यांनी धारवाडला आणली. दक्षिण भारतातील जैन धर्मावरचा त्यांचा ग्रंथ १९५७ साली निघाला तो कोठून? आपल्या सोलापूरहून, जीवराज जैन ग्रंथमालेतून. १९७० साली त्यांच्या संपादनाखाली कर्नाटकाचा जो इतिहास प्रसिद्ध झाला, त्यात बी. आर. गोपाल यांच्याबरोबर श्रीनिवास रित्ती यांचा हात होता. पुढे रित्ती याच विभागाचे प्राध्यापक व प्रमुख झाले.

प्रादेशिक इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम म्हणजे नेमके काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्याख्यानपीठावरून सनावळ्या सांगणे हा त्याचा अगदी थोडा भाग. खरे काम शिवारात असते. देवळाच्या उंबऱ्यापाशी, तळ्याच्या काठी, कधी एखाद्या घराच्या जोत्यात बसवलेली शिळा शोधायची. तिच्यावरचे शेंदराचे आणि चुन्याचे थर हलक्या हाताने काढायचे. ती धुऊन तिच्यावर ओला कागद बसवायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खोलगटीत शिरवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. काळ्या कागदावर अक्षरे पांढरी उमटतात. हा ठसा वाळला की मग खरी परीक्षा. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार सारे वाचायचे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की साधारणतः इसवी सन येतो. पण सांगितलेल्या तिथीला सांगितलेलाच वार येतो काय, हे कोष्टकांवरून पडताळून पाहावे लागते. वार जुळला नाही, तर वाचनात चूक असेल, कोरणाऱ्याची चूक असेल, किंवा लेख मागाहून बनवलेला असेल. आठशे वर्षांपूर्वीच्या एका ओळीसाठी आठ-आठ दिवस घालवावे लागतात. जो येथे उतावीळ होतो, तो फसतो. जो आपल्याला हवे तेच वाचतो, तो स्वतःबरोबर इतरांनाही फसवतो.

रित्तींच्या कार्यातल्या दोन तारखांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. महाजन आयोगाचा अहवाल आला १९६७ मध्ये. बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवण्याची, आणि अक्कलकोटसह सोलापूर जिल्ह्याचा काही भाग म्हैसूरला जोडण्याची शिफारस त्याने केली. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. दोन्ही बाजूंना संतापाचे वातावरण असताना, १९६८ साली धारवाडचे रित्ती आणि नांदेडचे ग. च. शेळके या दोघांनी मिळून नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. दुसरी तारीख १९८८. कन्नडसक्तीविरुद्ध १९८६ मध्ये बेळगावात जे आंदोलन झाले, ज्यात आपली माणसे गोळ्यांना बळी पडली, त्याला अवघी दोन वर्षे उलटली होती. त्या वेळी रित्ती आणि सोलापूरचे आनंद कुंभार यांनी सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा ग्रंथ सिद्ध केला. कुंभार हे विद्यापीठीय पदाचा टेकू नसलेले, पायाला भिंगरी लावून खेडोपाडी हिंडणारे संशोधक. एक कन्नड प्राध्यापक, एक मराठी हौशी अभ्यासक, आणि दोघांच्या मध्ये दगड. राजकारणाने जी वाट बंद केली होती, ती या दोघांनी आपल्यापुरती खुली ठेवली.

त्या ग्रंथांतील बहुतेक लेख कन्नडात आणि संस्कृतात आहेत. हे सत्य आहे, आणि ते मराठी माणसानेही निर्भयपणे उच्चारले पाहिजे. कल्याणीचे चालुक्य, कलचुरी, नंतरचे यादव यांच्या राजवटीत भीमा-सीनेच्या खोऱ्यापासून देगलूरच्या होट्टलपर्यंत दानपत्रे कन्नडात कोरली जात. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडातच आहेत. त्यात आपण ओशाळण्याजोगे काय आहे?

तथापि ओशाळण्याचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. आयोग येणार अशी वार्ता पसरली, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. माझ्या आजोळी मारुतीच्या देवळाजवळ एक कोरीव शिळा उभी होती. तिच्यावरची अक्षरे कानडी आहेत, असे कोणीतरी सांगितले आणि गावात कुजबूज सुरू झाली. एके रात्री चार जाणत्या मंडळींनी ती शिळा पाडून पालथी घातली, आणि तिच्यावर माती लोटली. त्यांत माझे आजोबाही होते. पुष्कळ वर्षांनी एका विद्यार्थ्याने ती उलथून ठसा घेतला. काय निघाले? देवाच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून कोणी जमिनीचा तुकडा दिला होता. शेवटी शाप होता : दिलेली जमीन जो हिरावून घेईल, तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. दिव्याच्या तेलाचा तो लेख आम्ही वैऱ्याचे पत्र समजून पुरला होता. आजोबांची ती भीती मी अप्रामाणिक म्हणणार नाही; पण ती अज्ञानातून आली होती, एवढे मात्र म्हणेन.

आता यादवांच्या वादाकडे वळू. रित्तींचा सेउण घराण्यावरचा, म्हणजे देवगिरीच्या यादवांवरचा ग्रंथ १९७३ साली कर्नाटक विद्यापीठाने प्रसिद्ध केला. हे घराणे नाशिककडच्या सेउणदेशात उदयाला आले. पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास देवगिरीहून स्वतंत्र राज्य उभारले. सिंघणाने आपली सत्ता दक्षिणेकडे दूरवर नेली. आणि रामचंद्राच्या कारकिर्दीत शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. या घराण्याच्या शेकडो लेखांत कन्नड लेखांची संख्या मोठी आहे. त्यावरून, आणि अन्य पुराव्यांवरून, हे घराणे मुळात कन्नडभाषक असावे, असा निष्कर्ष रित्तींनी काढला. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९७० मध्ये, ओंकारप्रसाद वर्मा यांचा यादवांवरील ग्रंथ नागपूरहून निघाला होता. त्यांच्या मते हे घराणे प्रथमपासून मराठीभाषक होते. दगड तेच, राजे तेच, आणि दोन विद्वानांचे निष्कर्ष दोन.

मग आपण काय करावे? आपल्या बाजूचा ग्रंथ डोक्यावर घ्यावा आणि दुसरा फेकून द्यावा? ती पद्धत सभेची झाली, अभ्यासाची नव्हे. रित्तींचे म्हणणे खोडायचे, तर पुन्हा शिळेपाशीच गेले पाहिजे. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शके ११२८ चा लेख पाहा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेल्या देणगीचा तो लेख संस्कृतात सुरू होतो आणि देणगीच्या तपशिलाला आला की मराठीत बोलू लागतो. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख पाहा. शके ११९५ ते ११९९ या काळातल्या देणग्यांची ती नोंद प्रामुख्याने मराठीत आहे, पण तीत संस्कृत आणि कन्नडही आहे; कारण विठ्ठलाच्या दारी देणगी घेऊन येणारे दोन्ही भाषांचे होते. दरबाराची भाषा, दानपत्राची भाषा आणि चुलीजवळची भाषा या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. रित्तींच्या निष्कर्षाशी मी सर्वांशी सहमत नाही. परंतु माझी असहमती मांडायला मला जी साधने लागतात, ती रित्तींनीच छापून माझ्या हाती दिली आहेत. ज्या लेखांनी आपले मत अडचणीत येईल, तेही जो विद्वान तारखेनिशी प्रसिद्ध करतो, त्याचे ऋण प्रतिपक्षानेही मान्य केले पाहिजे.

उत्तरायुष्यात, २००० साली, त्यांनी प्राचीन कर्नाटकातील राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. गावुंड, सेनबोव, पेर्गडे, नाडु हे त्या कारभारातले शब्द ऐकताच आपल्या गल्लीतली घरे आठवतात. आपल्यातले गौडा, नाडगौडा, हेगडे, शानभाग आले कोठून? मराठी बोलणाऱ्या घराच्या दारावर कन्नड कारभाराची पाटी आहे, आणि त्याने त्या घराचे मराठीपण तसूभरही कमी होत नाही.

आता कोणी विचारील, ही उदारता आपल्या मागणीला मारक नाही काय? बंधूंनो, आपली मागणी शिळेवर उभी आहे, असे कोणी सांगितले? श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांच्या शेजारी मराठी लेख आहे. म्हणून हसन जिल्हा महाराष्ट्रात यावा, असे आपण कधी म्हटले नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत कोरला गेला. म्हणून तंजावर कोणी मागितले नाही. मग सोलापूरच्या कन्नड शिळांवरून दुसऱ्या कोणी सोलापूर मागावे, हेही तितकेच असमंजस. आपली मागणी पाटसकर सूत्राची आहे : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९५६ पासून आपण हेच सांगत आलो, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो जिवंत माणसांसाठी. जिवंत माणसांचा हक्क सिद्ध करायला मेलेल्या राजांची साक्ष लागत नाही. आणि मेलेल्या राजांच्या साक्षीने तो हिरावताही येत नाही. म्हणूनच खऱ्या इतिहासाची आपल्याला भीती नाही. ज्या दिवशी आपण एखादी शिळा पालथी घालू, त्या दिवशी आपला दावा कच्चा आहे असे आपणच कबूल केल्यासारखे होईल.

माझे तरुणांना एवढेच सांगणे आहे. बेळगावहून धारवाड दोन तासांच्या आत गाठता येते. तेथल्या ग्रंथालयात जा. कन्नड लिपी शिका, जुनी कन्नड वाचायला शिका. मोडी जशी आपली म्हणून शिकता, तशी हीही शिका. शत्रूची भाषा म्हणून शिकू नका. आपल्या आजोळच्या शिळेची भाषा म्हणून शिका. आपल्या प्रदेशाचा इतिहास आपण वाचला नाही, तर तो दुसरा कोणी वाचील. आणि त्याने कसा वाचला, हे सांगण्याचीही पात्रता आपल्यात उरणार नाही.

शेवटी आनंद कुंभारांनी उजेडात आणलेल्या एका लेखाची आठवण देऊन मी आपली रजा घेतो. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. कन्नड लेखांनी भरलेल्या त्या मुलखात, त्या देवळात, शके ९४० चा म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख सापडला. त्याच्या अखेरीस जी ओळ आहे ती मराठीत आहे. कालोल्लेख असलेल्या मराठीच्या अगदी जुन्या लेखांत आज त्याची गणना होते. कन्नड शिळांच्या भीतीने त्या मुलखाकडे पाठ फिरवली असती, तर आपल्याच भाषेचा हा जुना पुरावा आपल्याला मिळाला नसता. त्या ओळीत राजाची स्तुती नाही आणि सीमेचा उल्लेख नाही. जो हे वाचील तो विजयी होईल, एवढाच तिचा आशय आहे.