दारांना नावं द्या



२ ऑगस्ट २०२७ ला नाशकात सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. रामकुंडाकडचे रस्ते, घाट, पार्किंग यांची चर्चा गावात रोज चालते, आणि चालायलाच हवी. पण त्या पहाटे लोक मोबाइलही उघडणार: बस कुठून सुटते, गाडी कुठं लावायची, चुकलेल्या माणसाची नोंद कुठं करायची. ही दुसरी गर्दी कुठल्या सर्व्हरकडे वळवायची, हे कुठं लिहून ठेवलेलं आहे का?

मोसम नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. तिथं फड पद्धतीनं शतकानुशतकं पाणी वाटलं गेलं. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटकरी दारं धरतो, एका फडाचं भरणं झालं की पाणी पुढच्या फडाकडे वळतं. क्लाउडवर बंधाऱ्याच्या जागी प्रोफाइल असते आणि दारांच्या जागी एंडपॉइंट. अझूर या क्लाउडसेवेचा ट्रॅफिक मॅनेजर हा तिथला पाटकरी. तो स्वतः पाणी वाहून नेत नाही. डीएनएसच्या उत्तरातून फक्त ‘या दारानं जा’ एवढं सांगतो. पुढं मोबाइल थेट त्या सर्व्हरशी बोलतो.

अझूरची केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून आहेत. म्हणजे पहिलं दार पुण्यात आणि ते बंद पडलं तर दुसरं चेन्नईत, अशी प्राधान्याची मांडणी नाशिकच्या कुठल्याही छोट्या टीमला जमेल. पाटकरी एरवी दर ३० सेकंदांनी प्रत्येक दार तपासतो आणि सलग ३ वेळा उत्तर आलं नाही तरी सांभाळून घेतो. चौथ्यांदा चुकलं की ते दार बाद. त्यानंतरही जुनं उत्तर लोकांच्या मोबाइलमध्ये टीटीएल, म्हणजे त्या उत्तराची मुदत, संपेपर्यंत राहतं. ऐन गर्दीत ही काही मिनिटं फार मोठी असतात. म्हणून हे आकडे आधीच ठरवून, लिहून ठेवायचे.

लिहून ठेवायचे, हाच आजचा मुद्दा आहे. अजूनही कितीतरी ऑफिसांत कुणीतरी पोर्टल उघडतो, चार बटणं दाबतो आणि घरी जातो. कोणतं दार कुणी फिरवलं, का फिरवलं, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. चांगल्या हुशार मुलामुलींनी असं करू नये! ही मांडणी फाइलमध्ये लिहून उभी करायला टेराफॉर्म आहे, बायसेप आहे. प्रोफाइलचं एक मॉड्यूल करावं, एंडपॉइंटचं वेगळं करावं. साचा एकच ठेवावा; गाव, पत्ता, प्राधान्य, तपासणीचा मार्ग एवढंच बाहेरून द्यावं. बसच्या माहितीला तोच साचा, पार्किंगलाही तोच. आणि लागू करण्याआधी टेराफॉर्मचा प्लॅन किंवा बायसेपचं व्हॉट-इफ दुसऱ्या माणसानं वाचावं.

इथं एक खोच आहे, ती नीट ऐकावी. टेराफॉर्ममध्ये एंडपॉइंटची यादी ‘काउंट’वर बांधली तर दारांना नुसते क्रमांक मिळतात: शून्य, एक, दोन. मधलं एक दार काढलं की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि काहीही बिघडलेलं नसताना चांगली दारं मोडून पुन्हा बांधली जाण्याची वेळ येते. ‘फॉर ईच’ वापरलं तर प्रत्येक दाराला नाव असतं. पुणे काढलं तर फक्त पुणे जातं, चेन्नईला धक्का लागत नाही. फडात एका शेताचं दार बुजवलं म्हणून खालच्या शेतांची दारं कुणी उखडत नाही. पुन्हा सांगायला हवं: क्रमांक नको, नाव.

गेली काही वर्षं सगळीकडे ‘ऑटोमेशन’चा गजर आहे. पण २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात काय झालं ते पाहावं. डायनॅमोडीबी या सेवेच्या डीएनएस नोंदी यंत्रणाच लिहीत होती. तिचा एक भाग रेंगाळला आणि त्यानं जुना आराखडा नव्यावर चढवला. दुसऱ्या भागानं जुना म्हणून तोच पुसला. पत्ता रिकामा राहिला आणि जगभरातल्या सेवा अडकल्या. दोन पाटकरी, एकच दार, आणि एकमेकांना विचारणं नाही.

नाशिकच्या टीममध्येही हेच होऊ शकतं. दोघांनी एकाच वेळी टेराफॉर्मला ‘अप्लाय’ दिलं आणि स्टेट फाइल, म्हणजे उभ्या केलेल्या दारांची नोंद, एकाच्या लॅपटॉपवर असली, तर दुसऱ्याला दारांची खरी स्थिती दिसतच नाही. ती फाइल सामायिक जागी ठेवावी आणि तिला लॉक असावं. तालमीचंही बोलायचं होतं: पुण्याचं दार मुद्दाम बंद करून चेन्नईकडे वळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं, तेही सिंहस्थाच्या कितीतरी आधी आणि रात्री कमी वर्दळ असताना. पण वेळ संपत आली आहे. तालीम कशी घ्यायची, हे पुढच्या भाषणात. तोवर आपली स्टेट फाइल नेमकी कुठं आहे, एवढं तरी प्रत्येक टीमनं उद्या सकाळी शोधून ठेवावं.