भिंतीवरचे कामगार



चित्रकलेवर बोलण्याचा अधिकार मला नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. परंतु एक चित्र असे आहे की त्याच्यावर कामगार चळवळीतल्या माणसानेही दोन शब्द बोलावेत. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयात दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत. कामगार संघटनांच्या एका परिषदेसाठी मी त्या देशात गेलो होतो, तेव्हा मधल्या सुटीच्या दिवशी ती पाहिली. त्या चित्रांविषयी, आणि त्या संग्रहालयावरून पुढे झालेल्या एका भांडणाविषयी आज बोलणार आहे.

प्रथम चित्रे कशी आहेत ते सांगतो. संग्रहालयात एक मोठे दालन आहे, वर काचेचे छत आहे आणि चारही भिंतींवर मिळून २७ चित्रे आहेत. आत पाऊल टाकताच डोळ्यांत भरतो तो रंग. उत्तरेच्या भिंतीवर भट्टी पेटलेली आहे, तिचा तांबडा-पिवळा उजेड पसरला आहे. खाली निळसर करड्या यंत्रांची दाटी, आणि त्या यंत्रांना भिडलेली माणसे. कोणी ओढतो आहे, कोणी रेटतो आहे. पाठी एका तालात वाकलेल्या. या भिंतीवर फोर्ड मोटारीचे इंजिन तयार होते, समोरच्या दक्षिण भिंतीवर बॉडी जोडली जाते. आता तयार मोटार कुठे आहे म्हणून शोधू लागलात, तर दक्षिण भिंतीवर अगदी लांब टोकाला एक लहानसा तांबडा ठिपका सापडेल. तीच ती मोटार! माल ठिपक्याएवढा आणि माणसे भिंतभर. कंपनीच्या जाहिरातीत हे प्रमाण नेमके उलटे असते, हे आपण जाणताच.

मोठ्या चित्रांखाली छोट्या चौकटींची एक रांग आहे. तीत रंग नाहीत, नुसता करडेपणा आहे. कामगाराचा एक दिवस तीत दाखवला आहे: हजेरीच्या घड्याळात कार्ड दाबायचे, जेवणाच्या सुट्टीत बसायचे, पगारासाठी रांग लावायची, पुलावरून घरी परतायचे. ही रांग पाहताना मला दुभाष्याची गरज पडली नाही.

आता या चित्रांचा जन्म कसा झाला ते पाहू. रिव्हेरा विचाराने साम्यवादी. पण त्याला पैसे दिले ते फोर्ड कंपनीचे अध्यक्ष एड्सेल फोर्ड यांनी. काळ मोठ्या मंदीचा. ७ मार्च १९३२ रोजी बेकारांचा मोर्चा फोर्डच्या रूज कारखान्यावर गेला, तेव्हा पोलिसांनी आणि कंपनीच्या रखवालदारांनी गोळ्या झाडल्या. चार जण मारले गेले, पाचवा पुढे दगावला. त्यानंतरच्याच महिन्यात रिव्हेरा शहरात आला. त्याच कारखान्यात हिंडून त्याने रेखाटने केली, आणि जुलै १९३२ ते मार्च १९३३ या काळात भिंती रंगवल्या.

तो मोर्चा भिंतीवर नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चित्रात काळे आणि गोरे कामगार खांद्याला खांदा लावून राबतात. प्रत्यक्षात काळ्या कामगारांच्या वाट्याला बहुधा ओतशाळेतले भाजून काढणारे काम येई. १९३७ साली कारखान्याच्या फाटकाजवळच्या पुलावर पत्रके वाटायला गेलेल्या वॉल्टर रॉयथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारले. युनियनला मान्यता मिळाली ती १९४१ साली. तरीही मालकाच्या पैशाने काढलेल्या चित्रात कामगार हाच नायक झाला, हे थोडे नव्हे. चित्रे खुली झाली तेव्हा ती चुन्याने पुसून टाका, अशी मागणी करणारेही निघाले. त्यांचे काही चालले नाही.

आता भांडणाकडे वळतो. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉइट शहराने दिवाळे काढले. डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज. संग्रहालय शहराच्या मालकीचे. रिव्हेराचा रंग ओल्या गिलाव्यात मुरलेला. तो भिंतीवरून उतरवून विकणे सोपे नव्हे. पण बाकीच्या दालनांतली चित्रे खुंटीवरून काढता येण्याजोगी होती, आणि त्यांचे मोल ठरवायला माणसे आली. एका बाजूला चित्रे, दुसऱ्या बाजूला शहराच्या निवृत्त नोकरांचे पेन्शन, असा तराजू लोकांपुढे धरण्यात आला. चित्र हवे की म्हाताऱ्याची भाकरी?

मित्रहो, असा तराजू कोणी समोर धरला की प्रथम तो धरणारा हात पाहावा, ही युनियनमधली शिकवण. विक्रीसाठी सर्वांत जोर लावणारे होते ते शहराच्या रोख्यांची हमी घेतलेल्या कंपन्यांसारखे धनको. चित्रे विकली असती तरी तो पैसा एकट्या पेन्शनरांच्या पदरात पडला नसता. वाटा मागायला सगळेच धनको उभे होते.

अखेर तडजोड झाली. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून वीस वर्षांत सुमारे ८१ कोटी डॉलर पेन्शन निधीसाठी द्यायचे, आणि संग्रह एका विश्वस्त संस्थेकडे सोपवायचा, म्हणजे तो विकता येणार नाही. पेन्शनरांनी २०१४ साली मतदान करून हे मान्य केले. मान्य केले नसते तर साध्या नोकरांच्या पेन्शनला २७ टक्के कात्री लागणार होती. मान्य केल्यामुळे ती साडेचार टक्क्यांवर आली. शिवाय महागाईप्रमाणे होणारी वार्षिक वाढ थांबली. महिना १,५०० डॉलर पेन्शन असेल, तर साडेसदुसष्ट डॉलर गेले; आणि भाव चढतील तसा उरलेला पैसाही दरवर्षी झिजणार.

संग्रह वाचला याचा मला आनंद आहे. चित्र म्हणजे श्रीमंतांची चैन, कामगाराला त्याचे काय, असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच भागातल्या तीन जिल्ह्यांच्या लोकांनी २०१२ साली मते देऊन संग्रहालयासाठी स्वतःवर कर बसवून घेतला होता. त्यांना ती वस्तू आपली वाटत होती.

पण ती वाचवली कोणी? संस्थांनी दिलेल्या कोट्यवधींची नोंद देणगी म्हणून झाली. निवृत्त झाडूवाल्याने, बस हाकणाऱ्याने आपल्या पेन्शनमधून जे सोडले त्याला कपात म्हणतात. माझ्या हिशेबी तीही देणगीच आहे, आणि सर्वांत जड आहे. कारण ती उरल्यातून दिलेली नाही, लागणाऱ्यातून दिलेली आहे.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. आपल्या गावात वाचनालय हवे की पगार, नाट्यगृह हवे की दवाखाना, असा प्रश्न कोणी टाकला तर घाईने एक बाजू घेऊ नका. आधी हिशेबाची वही मागा. पैसा कुठे गेला ते विचारा, आणि दोन्हींवर आपला हक्क सांगा.