नोकरदार आईबाप आणि घरची शाळा



आजच्या भाषणाचा विषय मीं शोधून काढलेला नाहीं. तो माझ्या घरांत आपण होऊन चालत आला. मागच्या पावसाळ्यांत माझ्या नातवास कावीळ झाली. आठ वर्षांचा मुलगा, इयत्ता तिसरी. पुरता दीड महिना तो घरीं होता; आणि मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, पासष्टी गांठलेला, हाताशीं दुसरा उद्योग नसलेला, त्याच्या उशाशीं बसून होतों. अंगांत थोडी शक्ति आल्यावर आम्ही दोघे वाचावयास लागलों. शाळेंत हा मुलगा वाचतांना अडखळत असे, आणि पुढें पुढें तर वाचावयास उभाच राहीनासा झाला होता. वर्गांतील मुलें हंसत, आणि एकदां शिकविणारांनींही त्या हंसण्यास साथ दिली, असें त्यानें मला पांघरुणांत तोंड घालून सांगितलें. शाळेचें नांव मी घेत नाहीं. त्या दीड महिन्यांत रोज तासभर वाचून तो एक लहानशी गोष्ट अथपासून इतिपर्यंत न थांबतां वाचूं लागला. बरा होऊन शाळेंत जाण्याची वेळ आली तेव्हां सूनबाईनें विचारिलें, "नाना, याला परत कशाला पाठवायचं? घरींच शिकवूं या. सकाळ-संध्याकाळ आम्ही पाहूं, दिवसा तुम्ही आहांतच."

"दिवसा तुम्ही आहांतच" या तीन शब्दांवर मीं पुढें आठ दिवस विचार केला.

माझें घर टिटवाळ्यास आहे. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज स्थानक येथून सुमारें ६४ किलोमीटर आहे. माझा मुलगा भायखळ्यास नोकरी करितो. सकाळीं सातला घर सोडतो आणि रात्रीं साडेआठला पायऱ्या चढतो. सूनबाई ठाण्याच्या एका रुग्णालयांत परिचारिका आहे. तिला तिन्ही पाळ्या असतात. टिटवाळा म्हणजे कण्व मुनींच्या आश्रमाची जागा, शकुंतला येथेंच लहानाची मोठी झाली, अशी आमच्या गांवची आख्यायिका आहे. घरच्या शिक्षणाचा कैवार घेणारांस हें उदाहरण फार सोईचें वाटेल. परंतु कण्वांना सकाळची गाडी गांठावयाची नव्हती. आणि ते एकदांच काय ते तीर्थयात्रेस गेले, तेवढ्या अवकाशांत आश्रमांत काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे.

प्रथम मीं कायदा पाहिला, कारण जन्मभर सरकारी परिपत्रकें वाचलेल्या माणसाची ती खोडच असते. २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला, सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. मुलास जवळच्या शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य आहे, असें त्याच्या दहाव्या कलमांत म्हटलें आहे. मात्र तें न केल्यास पालकास अमुक शिक्षा करावी असें कोठें म्हटलेलें नाहीं. घरच्या शाळेचें त्यांत नांवही नाहीं. पुढच्या परीक्षेचें म्हणाल तर ती वाट बंद नाहीं. सतरा नंबरचा अर्ज भरून आपल्या मंडळाच्या दहावीस बाहेरून बसतां येतें, हें महाराष्ट्रांत घरोघरीं माहीत आहे. आणि १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थाही आहे. तेव्हां अडचण कचेरींत नाहीं. ती घरांतच शोधावी लागते.

मग मीं वेळेचा हिशेब मांडला. त्याच कायद्याच्या जोडपत्रांत पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे किमान २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास सांगितले आहेत. हे तास ३६५ दिवसांवर पसरले तर दिवसाला सव्वादोन तासही येत नाहींत. शिवाय वर्गांतील तास चाळीस मुलांत वांटला जातो. घरीं तो एकाच मुलाचा. माझा मुलगा पहाटे चाळीस मिनिटें आणि रात्रीं अर्धा तास देण्यास तयार होता. सूनबाई सुटीच्या दिवशीं तीन तास देणार होती. म्हणजे आठवड्याचे दहा तास, वर्षाचे पांचशेवीस. एका मुलास तेवढे पुष्कळ झाले. कागदावर उदाहरण सुटलें.

परंतु उदाहरण सुटलें कीं ताळा पाहावा, हें मीं सदतीस वर्षें मुलांना सांगत आलों. ताळा पाहतां बाकी उरली ती सकाळीं सातपासून रात्रीं साडेआठपर्यंतची, साडेतेरा तासांची. शिकविण्याचा वेळ सांपडतो. प्रश्न आहे तो मुलाच्या उरलेल्या दिवसाचा. मुलाला प्रश्न पडतो तो सकाळीं साडेअकराला. पाल भिंतीवरून पडत कां नाहीं, हें तो रात्रीं पावणेनऊपर्यंत राखून ठेवीत नाहीं. तोपर्यंत पालही जाते आणि प्रश्नही जातो.

नोकरी किंवा प्रपंच संभाळून घरीं शिकविल्याचीं उदाहरणें आपल्याकडे थोडीं नाहींत, आणि तीं लहान माणसांचीं नाहींत. पंडिता रमाबाईंच्या आईला, लक्ष्मीबाईंना, दिवसभर घरकामांतून डोकें वर काढण्यास सवड नसे; म्हणून त्या अंधार असतांनाच मुलीला जागें करून तिच्याकडून संस्कृत पाठ करून घेत. न्यायमूर्ति रानडे न्यायखात्याची नोकरी संभाळून रात्रीं आपल्या पत्नीस, रमाबाईंस, मुळाक्षरांपासून स्वतः शिकवीत; १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनीं तें सारें लिहून ठेविलें आहे. परंतु तें पुस्तक वाचतांना माझें लक्ष रात्रीच्या धड्यापेक्षां दिवसाकडेच अधिक जातें. रात्रीं पति शिकवी, आणि दिवसा त्याच घरांतील बायका तिच्या शिकण्यास विरोध करीत. धडा तासाभराचा होता. उरलेला दिवस दुसऱ्यांच्या हातांत होता. रमाबाई त्यांतून तरून गेल्या, ही त्यांची थोरवी. आठ वर्षांच्या मुलाकडून मी तिची अपेक्षा करणार नाहीं.

अगदीं अलीकडचें उदाहरण २०१६ सालीं वर्तमानपत्रांत गाजलें. मुंबईच्या मालविका जोशी या मुलीस तिच्या आईनें सातवींत असतांना शाळेंतून काढलें. पुढें संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेंत तिनें तीन पदकें मिळविलीं, आणि दहावी-बारावीचें प्रमाणपत्र नसतांना अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विख्यात संस्थेनें तिला प्रवेश दिला. आमच्या घरीं हें उदाहरण माझ्या मुलानेंच काढलें. मीं त्याला एवढेंच विचारिलें कीं, त्या मुलीच्या आईनें त्या वेळीं काय केलें, तें तूं वाचलेंस काय? तिनें आपली नोकरी सोडली होती. मुलगा कांहीं बोलला नाहीं. आमच्या घराचे हप्ते दोन पगारांतून जातात.

आतां एक गोष्ट सांगतों, ती सांगतांना मला आनंद होत नाहीं. हाच मुलगा चौथींत असतांना मीं त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं घरीं बसविला होता. शाळेंत पन्नास मुलांपुढें माझा आवाज कधीं चढत नसे. पुष्कळ पालक माझ्या शांतपणाचें कौतुक करीत. तो शांतपणा मी शाळेंतच संपवून येत असें. रात्रीं घरीं पोटचा मुलगा सतराच्या पाढ्यांत चुकला कीं माझा हात उठे. परवां तो मला म्हणाला, "नाना, मला वही दिसायची नाहीं, तुमचा हातच दिसायचा." शिक्षकाची ही गत, तर गाडींतून दीड तास उभ्यानें आलेल्या किंवा रात्रपाळी करून सकाळीं परतलेल्या माणसाची काय असेल? नोकरदार आईबापांना शिकवितां येणार नाहीं असें मी म्हणत नाहीं. पुष्कळजण माझ्याहून अधिक शिकलेले आहेत. परंतु ते मुलाला देतात ती दिवसाची उरलीसुरली शक्ति असते, आणि तेवढ्या शक्तींत बहुधा परीक्षाच घेतली जाते, शिकविलें जात नाहीं. आपण घरीं आल्यावर प्रथम "झालं का?" असें विचारितों कीं "काय पाहिलंस?" असें, याची नोंद आठवडाभर ठेवावी, मीं ठेविली होती.

तेव्हां राहतां राहिला दिवस, आणि दिवसाचा मी. याबाबत आमच्या घरांतील मंडळींचें मत रोखठोक पडलें: "दुपारीं दोनला तुम्ही घोरूं लागतां, तेव्हां शाळा कोण घेणार?" मीं हंसण्यावारी नेलें, पण तें खोटें नव्हतें. नातू चौदा वर्षांचा होईल तेव्हां मी एकाहत्तर वर्षांचा असेन. म्हाताऱ्याच्या प्रकृतीवर सहा वर्षांची शाळा उभारणें म्हणजे एका खांबावर माडी बांधणें होय. त्याहून मोठी गोष्ट मीं कावीळीच्या दिवसांतच पाहिली होती. साडेपांचला शाळा सुटून मुलें गल्लींत शिरलीं कीं हा हातांतलें पुस्तक ठेवून गजापाशीं जाई आणि त्यांचीं नांवें घेई. ज्या मुलांच्या हंसण्यानें तो भ्याला होता, तींच हीं मुलें. मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ साऱ्या लहान मुलांच्या शाळा बंद राहिल्या. तेव्हां फोनवरचा धडा पुष्कळ घरीं पोंचला, पण सोबती पोंचले नाहींत, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे.

आमच्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत, आतां पालघरांत मोडणाऱ्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९५७ नंतर जें काम केलें तें अशा वेळीं आठवतें. वारली आईबाप मजुरीस जात, मुलें गुरें राखीत. तीं शाळेंत येईनात, तेव्हां या दोघींनीं शाळाच कुरणांत नेली. आईबापांनीं मजुरी सोडावी असें त्यांनीं म्हटलें नाहीं, किंवा रात्रीं दमून आल्यावर मुलांना शिकवावें असेंही म्हटलें नाहीं. वांकावयाचें तें शाळेनें, हें त्यांनीं करून दाखविलें.

ज्या घरीं दोघांपैकीं एकाचें काम अर्ध्या दिवसाचें होऊं शकतें, किंवा दोघांच्या पाळ्या अशा आहेत कीं जागा व ताजा असलेला कोणी एक मुलाजवळ असतो, आणि शेजारीं खेळावयास मुलें आहेत, त्यांनीं घरची शाळा अवश्य करून पाहावी; माझा तिला विरोध नाहीं. आमचें घर तसें नव्हतें, म्हणून मीं सूनबाईस नाहीं म्हटलें. तिला वाईट वाटलें. ती म्हणाली, "मग त्यानं तिथं तसंच भीत बसायचं का?" या प्रश्नाला माझा हिशेब पुरा पडेना. त्यामुळें मुलानें एक दिवसाची रजा काढली, आणि आम्ही तिघेही शाळेंत गेलों. मुख्याध्यापकांनीं अर्धा तास दिला. नातवाची तुकडी बदलली. त्यानें आपण होऊन हात वर केल्याशिवाय त्याला मोठ्यानें वाचावयास उभें करूं नये, असें नव्या बाईंशीं ठरलें. पहाटेचीं चाळीस मिनिटें बापानें ठेविलीं आहेत, पण पुस्तक मुलानें निवडावयाचें आणि चूक झाली तर बापानें गप्प बसावयाचें, अशा अटीवर. गजर मी लावतों.

त्यानें अजून हात वर केलेला नाहीं. मुक्त विद्यालयाचें माहितीपत्रक सूनबाईनें कपाटांत ठेविलें आहे, आणि चौथीच्या अखेरीस तें पुन्हा काढावयाचें असें ठरलें आहे.